कापूस घरी येईपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातले दारव्हा हे गाव मुद्दाम पाहायला कोणी जात नाही. तिथे थंड हवा नाही, समुद्र नाही, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना दाखवावेत असे फोटोही मिळत नाहीत. पण ज्याने तिथे दुकान मांडले, त्याला हे गाव असे काही दिसते, की चार दिवस लॉजवर उतरणाऱ्या प्रवाशाला ते दिसायचे नाही.

२००८ साली आम्ही पुण्याचे बिऱ्हाड मोडले. मी नोकरीला होतो तो कारखाना बंद पडला होता. सौभाग्यवतीचे माहेर दारव्ह्याचे. सासऱ्यांच्या ओळखीने बाजारपेठेत एक गाळा मिळाला आणि भांड्यांचे दुकान काढायचे ठरले. भांडवल म्हणाल, तर माझ्या फंडाचे पैसे आणि सौभाग्यवतीच्या पाटल्या.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून आम्ही शकुंतलेत बसलो. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जावा म्हणून इंग्रजी अमलात किलिक निक्सन कंपनीने घातलेली ही अडीच फुटी रुळांची वाट. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आम्ही बसलो तेव्हा डिझेलचे होते, पण चाल जुनीच. गार्डच तिकिटे देई. फाटक आले की गाडी थांबे, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की ते उघडून पुन्हा चढे. डब्यातल्या कोणालाही त्याचे काही वाटत नव्हते. घड्याळ पाहणारा एकटा मीच होतो.

अक्षय्य तृतीयेला दुकानाची पूजा झाली. पहिलीच बाई आत आली आणि म्हणाली, “भाऊ, गंज हाय का जी?”

नव्याकोऱ्या भांड्यांना गंज! मी चमकलो. पण सौभाग्यवतीने हसत हसत फळीवरचे पातेले काढून तिच्यापुढे ठेवले. वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात, तांब्याला गडवा आणि परातीला कोपर. त्या दिवसापासून गल्ल्यावर मी आणि भाषांतराला सौभाग्यवती, अशी कामाची वाटणी झाली.

ती बाई गंज न घेताच गेली. पुढे आणखी पुष्कळ जणी आल्या आणि तशाच गेल्या. वैशाखातल्या लग्नांची भांडी लोकांनी आपापल्या जुन्या दुकानांतून आधीच नेलेली होती. मग मृग लागला आणि सगळ्या तालुक्याचा पैसा काळ्या जमिनीत गेला. सरकी, खत, निंदणाची मजुरी. पाऊस मध्येच ओढला, तेव्हा काहींना दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळी नव्या डब्यांचा संच कोण घेणार? आषाढात एक दिवस असा गेला, की सबंध दिवसाची विक्री दोन चमचे.

शेजारी किराण्याचे जुने दुकान होते. तिथले काका संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसत. मी दिवसांचा हिशेब सांगू लागलो, की ते म्हणत, “दुकान मांडाले एक दिवस पुरते जी. पण गावात बसाले एक कापूस लागते.”

एक कापूस! पुण्यात आम्ही महिन्यांनी मोजत होतो, पगार पहिल्या तारखेला येई. इथे काळाचे माप वेगळे होते. लग्न कधी? कापूस निघाल्यावर. घराची कौले कधी बदलणार? कापूस निघाल्यावर. जूनमध्ये पेरलेले बोंड दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटते. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. तोवर माणसे नुसती पाहून ठेवतात.

पाहून ठेवणे ही काय चीज आहे, ते मला एका मावशींनी शिकवले. लेकीच्या आंदणासाठी त्यांना पितळी गुंड हवा होता. त्या चार वेळा आल्या. दर वेळी तोच गुंड खाली काढायला लावत, बोटाने वाजवत, बुडाचा सांधा निरखत, वजन करायला सांगत आणि परत ठेवायला लावत. चौथ्या वेळी मी विचारले, “मावशी, ठेवून देऊ का तुमच्या नावाने?”

त्या म्हणाल्या, “येचाई होऊ द्या भाऊ. बोलून ठेवलं आन् नाही जमलं, तं तुमचं बी नुकसान.”

मावशी गुंडाबरोबर दुकानदारालाही वाजवून पाहत होत्या, हे मला पुढे उमगले. हा माणूस चौथ्यांदा कपाळाला आठी घालतो का, वजनकाटा दर वेळी तेच सांगतो का, ते त्या पाहत होत्या.

पोळा झाला नि नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याचे बाकीसाठी फोन येऊ लागले. पुण्याहून एका स्नेह्याने कळवले, की दसऱ्यापर्यंत आलात तर नोकरी आहे. पाटल्या गहाण पडल्या होत्या. त्या रात्री आम्ही उभयता वही पुढे घेऊन बसलो. सौभाग्यवती म्हणाली, “पेरणी झाली, निंदण झालं, आणि आता बोंडं धरल्यावर शेत सोडून जायचं?” मी पुण्याला नकार कळवला.

कार्तिकात मावशी आल्या. पदराच्या गाठीतले पैसे मोजून त्यांनी गुंड घेतला, कोपर घेतली, पाच गडवे घेतले, आणि प्रत्येकावर लेकीचे नाव घालून मागितले. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या गावच्या सहाजणी आल्या. त्या हंगामात पाटल्या सुटल्या.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणे पुरे होणार नाही. माझी वाट पाहणे सहा महिन्यांचे होते आणि पाठीशी नोकरीचा पर्याय होता. मावशींचे वाट पाहणे दर वर्षीचे. त्यात पाऊस आपला नाही, भाव आपला नाही. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९८६ च्या मार्चमध्ये बायकामुलांसह जीवन संपवले. तेव्हापासून विदर्भात किती घरांत हेच घडले! म्हणून आमच्या दुकानाचा एक नियम आहे. उधारी लिहायची, पण मागायला कोणाच्या दारी जायचे नाही. काही रक्कम बुडाली, हे खरे. पण बहुतेकांनी कापूस विकल्यावर आपल्या पायांनी येऊन नाव खोडून घेतले.

शकुंतला आता धावत नाही. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या रुंद रुळांचे काम चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी आली. शेतांत सोयाबीन वाढले, गिऱ्हाईक मोबाइलवर भाव पाहून येते आणि पैसेही मोबाइलवरच देते. तरी पितळी गुंड अजून बोटाने वाजवूनच घेतला जातो. यंदाही दोन-तीन जणी पाहून गेल्या आहेत. वरच्या फळीवरचे ते गुंड मी पुसून ठेवले आहेत. कापूस घरी येऊ द्या.