सरळ भोकासाठी

घरच्या कामाला ड्रिल प्रेस लागत नाही, असं मी पाच-सहा वर्षं ठासून सांगत आलो. हॅन्ड ड्रिल घ्या, लोखंडी स्टँडात बसवा, काम झालं. निमोण्यात माझ्या शब्दावर दोघांनी तसे स्टँड घेतलेही. ते म्हणणं मला आज मागे घ्यायचंय.

डोळे उघडले ते पाभरीच्या पट्ट्यांनी. 10 मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, दोन्हींत 12 मिलिमीटरची भोकं पाडून बोल्टने आवळायच्या होत्या. पंच अगदी खुणेवर मारला होता. वरून भोकं जुळली. उलटं करून पाहिलं तर एक मिलिमीटरभर सरकलेलं. दाब दिला की स्टँडचा खांब मागे झुकत होता. कानसीने भोक लांबवून बोल्ट घातला. ऐन पेरणीत तो ढिला पडला आणि तेवढ्यात वाफसा गेला. ते अजून मनाला लागून आहे.

ड्रिलचं टोकही निळं पडलं होतं. साध्या लोखंडाला धारेचा वेग मिनिटाला साधारण 25 मीटर चालतो. म्हणजे 12च्या ड्रिलला साडेसहाशेच्या आसपास फेरे पुरेत. माझं हॅन्ड ड्रिल 2,600ने फिरतं, चौपट! बटण अर्धं दाबलं तर वेग उतरतो, पण जोरही जातो. बेल्ट-पुलीच्या मशीनमध्ये वेग उतरवला की जोर वाढतो.

मग मन एकदम 25 मिलिमीटरच्या जुन्या पिलर ड्रिलवर गेलं. स्वस्त होतं, पण मोटर थ्री फेज. आमच्याकडे थ्री फेज विहिरीवर, तीही पाळीपाळीने, कधी रात्रीची. घरात सिंगल फेजच. शिवाय 13च्या वर भोक मला लागतं कितीदा? शेवटी 13च्या चकचं, अर्ध्या एचपीचं, बिडाचं बेंच मशीन घ्यायचं ठरवलं.

दुकानात मामांना बरोबर नेलं. रांजणगावच्या एमआयडीसीत त्यांनी बरीच वर्षं टर्नरचं काम केलंय. मी मोटर किती एचपीची, हेच विचारत होतो. त्यांनी मोटर सुरूच केली नाही. चकात सरळ गोल सळई आवळली, टेबलावर तिच्या शेजारी गुण्या उभा केला आणि चक हाताने सावकाश फिरवलं. सळई आणि गुण्या यांच्यातली उजेडाची फट फेऱ्यागणिक कमी-जास्त होत होती. "हे नको." दुसऱ्याचा दांडा खाली ओढून त्यांनी चक आडवं हलवून पाहिलं. "खाली आल्यावर हलतंय ना, ते भोक वाकडंच पाडणार रे." तिसऱ्याची फट जागची हलली नाही. ते घेतलं. मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, हेही त्यांनी तिथेच बजावलं. फिरत्या ड्रिलने मोजा पकडला की बोटं जातात.

मशीन ओट्याला बोल्टांनी आवळलं आणि त्याच आठवड्यात त्या दोघांना घरी बोलावलं. माझा सल्ला लाकडापुरता ठीक होता, लोखंडाला चुकीचा होता, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. एकाने नांगराची पट्टी आणली होती. ती वाइसमध्ये धरली, बेल्ट सगळ्यात कमी वेगावर घेतला, तेलाचे दोन थेंब सोडले. किस न तुटता वळ्यावळ्यांनी वर येत राहिला. पट्टी गार झाल्यावर त्याने भोकात बोल्ट सोडला. तो आपसूक खाली उतरला.