न कळणाऱ्याची जागा

ब्रेडी हॅरनचे व्हिडिओ मी गेली कित्येक वर्षं नेमानं पाहत आलो आहे, पण तो रस्त्यात समोर आला तर बहुधा मी त्याला ओळखणार नाही. आवाज मात्र गर्दीतही ओळखेन. पडद्यावर ब्राऊन पेपर असतो, शाळेत आपण वह्यापुस्तकांना कव्हर घालायचो तसलाच. त्यावर जाड मार्करनं आकडे लिहिणारा एखादा गणिती असतो. आणि कॅमेऱ्यामागून मध्येच ऑस्ट्रेलियन हेलात प्रश्न येतो, की हे असंच का, याचं कुणाला काय, आणि तुम्हाला स्वतःला हे आवडतं तरी का. हॅरन गणिती नाही, शास्त्रज्ञही नाही. तो ॲडलेडच्या वर्तमानपत्रातला बातमीदार. २००२ मध्ये इंग्लंडला गेला, नॉटिंगहॅमला बीबीसीत काम केलं आणि पुढे ती नोकरी सोडून पूर्णवेळ व्हिडिओ करू लागला. ज्ञान देणारे व्हिडिओ म्हणजे शिकवणाऱ्याचं काम, असं आपण गृहीत धरतो. इतक्या वर्षांच्या पाहण्या-ऐकण्यातून माझं मत उलटं झालं आहे. या माध्यमात खरं काम विचारणाऱ्याचं असतं, आणि हॅरनची सगळी कारकीर्द हा त्याचा पुरावा आहे.

सुरुवात रसायनशास्त्रापासून झाली. २००८ च्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांना घेऊन हॅरननं आवर्तसारणीतल्या ११८ मूलद्रव्यांवर प्रत्येकी एक छोटा व्हिडिओ केला. त्यातले प्रोफेसर मार्टिन पोलियाकॉफ आइन्स्टाइनसारख्या विस्कटलेल्या पांढऱ्या केसांमुळे जगभर ओळखीचे झाले. पण नुसते केस पाहायला माणसं पुन्हा पुन्हा येत नाहीत. पोलियाकॉफ तिथे धडा घेत नाहीत, उत्तर देतात. या दोहोंत मोठा फरक आहे. धडा व्याख्येपासून सुरू होतो. उत्तराला मात्र विचारणारा जिथे उभा आहे तिथून निघावं लागतं. ११८ पैकी कित्येक मूलद्रव्यं अशी, की त्यांचा नमुना कुणाच्या हाती लागणं शक्य नाही, काहींचे तर मोजकेच अणू तयार झालेले. अशा मूलद्रव्याबद्दल पाठ्यपुस्तक दोन ओळींत हात झटकतं. पण घरी बसलेल्या माणसाच्या वतीनं विचारायला बसलेला बातमीदार म्हणतो, बरं, दाखवता येत नाही, मग ते आहे हे तुम्हाला कळलं कसं? आणि तिथून गोष्ट सुरू होते.

पुढे भौतिकशास्त्रासाठी ‘सिक्स्टी सिम्बॉल्स’ हे चॅनेल आलं, ११ नोव्हेंबर २०११ ला गणितासाठी ‘नंबरफाइल’ सुरू झालं (११/११/११, आणि पहिला विषयही अकरा), मग संगणकासाठी ‘कम्प्युटरफाइल’, रॉयल सोसायटीच्या दफ्तरातल्या जुन्या कागदांसाठी ‘ऑब्जेक्टिव्हिटी’. रसायन, भौतिक, गणित, संगणक, इतिहास. एखाद्या तज्ज्ञानं आपलं क्षेत्र सोडून इतक्या ठिकाणी शिकवायला जावं, तर दुसऱ्याच दारात त्याचं हसं होईल. विचारणाऱ्याला मात्र प्रत्येक दारातून आत जाता येतं, कारण आपल्याला येतं असा त्याचा दावाच नसतो.

यातलं एक उदाहरण आपल्या घरचं आहे. नंबरफाइलच्या अगदी सुरुवातीच्या व्हिडिओंत ६१७४ या संख्येवरचा एक आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा, आणि येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते. हा शोध डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीत शाळामास्तरकी केलेल्या द. रा. कापरेकरांचा. हयातीत गणितातल्या मोठ्या मंडळींनी त्यांचं काम आकड्यांचा खेळ म्हणून बाजूला सारलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. गार्डनरही व्यवसायानं गणिती नव्हता, हे इथे नोंदवायला हवं. तज्ज्ञांनी क्षुल्लक ठरवलेल्या गोष्टीपाशी दोन्ही वेळा थांबलं ते बाहेरचं कुतूहल, १९७५ मध्ये कागदावर आणि २०११ मध्ये कॅमेऱ्यामागे. ‘यात काही दम नाही’ हे ठरवण्याइतकं ज्ञान नसणं हीसुद्धा कधी कधी पात्रता असते.

कुतूहल वाटलं म्हणून विज्ञानात काही भर पडते का, असं कुणी विचारील. निदान एकदा तरी पडली आहे. एखादी पूर्ण संख्या तीन घनांच्या बेरजेनं मांडता येते का (ऋण संख्यांचे घनही चालतात), हा जुना प्रश्न. काही संख्यांना नियमानंच उत्तर नसतं. त्या वगळल्या तर शंभरच्या आतल्या मोजक्याच संख्या उरल्या होत्या, त्यांतली एक ३३. नंबरफाइलनं २०१५ मध्ये या न सुटलेल्या ३३ वर व्हिडिओ केला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या अँड्र्यू बुकर यांना तो पाहून या प्रश्नात रस उत्पन्न झाला, त्यांनी शोधाची नवी पद्धत बसवली आणि २०१९ मध्ये सोळा-सोळा अंकी तीन संख्या सापडल्या, ज्यांच्या घनांची बेरीज ३३ येते. त्याच वर्षी त्यांनी एमआयटीच्या अँड्र्यू सदरलँड यांच्याबरोबर ४२ ही सोडवली. त्यासाठी जगभरातल्या घरगुती संगणकांचा रिकामा वेळ वापरला, दहा लाख तासांहून अधिक. व्हिडिओनं गणित सोडवलं नाही, हे उघड आहे. त्यानं फक्त प्रश्न योग्य माणसाच्या कानावर घातला. बातमीदाराचं काम यापेक्षा वेगळं काय असतं?

त्याच चॅनेलवर याच्या अगदी उलट टोकाचं प्रकरणही आहे, आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. मॅट पार्कर या गणितीनं २०१६ मध्ये एक जादूचा चौरस मांडला. नऊ घरांत नऊ वेगवेगळ्या वर्गसंख्या, आणि आडवी, उभी, तिरपी बेरीज सारखी. असा खरा चौरस अजून कुणालाच सापडलेला नाही. पार्करच्या चौरसात काही संख्या दोनदा आल्या. सगळ्या ओळींची बेरीज ३०५१ आली, पण एक कर्ण ४१०७ देऊन बसला. दुसऱ्या कुणी हा प्रयत्न कापून फेकला असता. हॅरननं तो ठेवला, वर त्याची थट्टाही केली. ‘पार्कर स्क्वेअर’ हा शब्द आता अर्धवट जमलेल्या कुठल्याही धडपडीसाठी गमतीनं वापरला जातो. गणित चुकत-माकत केलं जातं, हे सांगायला शाळेच्या फळ्याला दहा वर्षं पुरत नाहीत.

आता आक्षेप, आणि सर्वांत जड आक्षेप आधी. विचारणाऱ्याला विषय येत नसेल तर चूक त्याच्या नाकाखालून निघून जाते. जानेवारी २०१४ मध्ये नंबरफाइलनं एक व्हिडिओ टाकला, त्यात १+२+३+४ अशी न संपणारी बेरीज उणे एक बारांश येते असं दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं. तो लाखोंनी पाहिला, आणि गणितींनी त्यावर सडकून टीका केली. टीका रास्त होती. या उत्तराला अर्थ आहे. रामानुजनांनी १९१३ मध्ये गणिती हार्डींना लिहिलेल्या पत्रात ते दिलं होतं, पण आपल्या सिद्धांताच्या चौकटीत. नेहमीच्या अर्थानं ही बेरीज वाढतच जाते. व्हिडिओत १−१+१−१ या मालिकेला सरासरी काढून ‘अर्धा’ म्हटलं गेलं आणि पुढचं सगळं त्यावर रचलं गेलं. सरासरीला बेरीज म्हणायची परवानगी कुणी दिली, हा तिथला बातमीदाराचा प्रश्न होता. तो जितका लावून धरायला हवा होता तितका धरला गेला नाही. चमत्कारानं प्रश्नावर मात केली. म्हणून हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो माझ्याच बाजूला येतो. व्हिडिओ फसला तो विचारणारा अज्ञानी होता म्हणून नव्हे. तो क्षणभर विचारायचा थांबला, म्हणून फसला. २०२४ च्या सुरुवातीला हाच विषय घेऊन चॅनेल पुन्हा आलं, हेही खात्यावर जमा करायला हवं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा असतो: पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. खरं आहे. यावरचा उत्तम पुरावा व्हिडिओ करणाऱ्यांच्याच बिरादरीतून आला. ‘व्हेरिटासियम’ चॅनेल चालवणारे डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेली पीएच.डी. याच विषयावर होती. भौतिकशास्त्राचं सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ पाहून विद्यार्थी म्हणाले, छान समजलं. चाचणी घेतली, तर गुण जवळपास आधीइतकेच. आपल्या जुन्याच चुकीच्या समजुतीला व्हिडिओनं दुजोरा दिला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. दुसऱ्या व्हिडिओत एक पात्र तीच चुकीची समजूत बोलून दाखवत होतं आणि दुसरं तिच्याशी वाद घालत होतं. तो विद्यार्थ्यांना गोंधळाचा वाटला, पण गुण वाढले ते तो पाहणाऱ्यांचे. म्हणजे गुळगुळीत समजावणं डोळ्यांवरून घसरून जातं, आणि चुकीचं बोलून दाखवणारा कुणी मध्ये असला की डोकं जागं होतं. न कळणाऱ्याला पडद्यावर जागा द्यावी, हे हॅरननं संशोधन करून ठरवलं नसेल. बातमीदाराच्या सवयीनं त्याच्या हातून ते झालं. तरीही मी असं म्हणणार नाही, की नंबरफाइल पाहून कुणी गणित शिकतो. वही-पेन्सिल घेतल्याशिवाय गणित येत नाही. पण वही उघडावीशी वाटणं ही त्याआधीची पायरी आहे, आणि आपल्या शाळांत बहुतेकांची ती पायरीच निखळते.

पॉडकास्टबद्दल लोक जास्त साशंक असतात: दोन माणसं दोन-दोन तास गप्पा मारतात, त्यात शिक्षण कुठलं? हॅरननं सी.जी.पी. ग्रे या दुसऱ्या व्हिडिओकाराबरोबर २०१४ ते २०२० ‘हॅलो इंटरनेट’ चालवलं. ग्रे पूर्वी लंडनमध्ये भौतिकशास्त्र शिकवत असे. त्याचे स्वतःचे व्हिडिओ शब्दन् शब्द घासून लिहिलेले, स्वभाव हॅरनच्या अगदी विरुद्ध. तासन् तास चालणारी ही वादावादी वायफळ असते, हे मी नाकारत नाही. काही भाग मी स्वयंपाकघरातल्या रेडिओसारखे नुसते चालू ठेवले आहेत. पण पसंतीक्रमानं मतदान म्हणजे काय, हे ग्रेनं आपल्या व्हिडिओंत समजावलं होतं. पॉडकास्टचा झेंडा निवडण्यासाठी श्रोत्यांनी जगभरातून टपालानं मतं पाठवली आणि ती त्याच पद्धतीनं मोजली गेली. व्हिडिओतली व्याख्या तिथे व्यवहार झाली. शिवाय २०१८ पासूनच्या ‘नंबरफाइल पॉडकास्ट’मध्ये हॅरन गणितींना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारतो: लहानपण, अपयश, हेवा. चॅनेलच्या जुन्या व्हिडिओंत जॉन कॉनवे आणि रॉन ग्रॅहम आपापल्या कामाबद्दल बोलताना दिसतात. दोघेही २०२० मध्ये गेले. त्यांचे शोध प्रबंधांत आहेत, बोलणं या व्हिडिओंत राहिलं. कापरेकर ६१७४ बद्दल स्वतः बोलत आहेत, अशी चित्रफीत माझ्या पाहण्यात नाही.

आपल्याकडे ही परंपराच नाही, असं कुणी म्हणू नये. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा संग्रह, हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. त्यात चक्रधरांइतकीच लक्षात राहते ती सतत काही ना काही विचारत राहणारी त्यांची शिष्या महदाइसा, आणि तिच्या या विचारण्याचं चक्रधरांनी कौतुक केलेलं आहे. म्हाइंभटांनी लोकांकडे जाऊन, विचारून-विचारून त्या आठवणी गोळा केल्या आणि प्रश्न कापून नुसती उत्तरं ठेवली नाहीत. आज मराठीत शैक्षणिक व्हिडिओंना तोटा नाही. त्यातले बहुतेक असे, की डिजिटल फळ्यासमोर सर उभे, समोर कुणी नाही, दोन तास एका दमात. सर हुशार असतात, तयारी चोख असते. पण त्यांना मध्येच अडवणारं कुणी नसल्यामुळे आपण समोरच्याला कुठे गमावलं, हे त्यांना कळतच नाही. यात पैशांची अडचण फारशी नाही. ब्राऊन पेपर, मार्कर आणि एक कॅमेरा आज कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. म्हणून मराठीत असे व्हिडिओ आणि पॉडकास्ट करणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी तज्ज्ञाला कॅमेऱ्यासमोर एकटं उभं करू नका. शेजारी असा कुणीतरी बसवा, ज्याला तो विषय येत नाही आणि ते कबूल करायला जो कचरत नाही. आणि त्याचे प्रश्न एडिटिंगमध्ये कापू नका.