पुंजणी आणि ढालकिडा

सोलापुरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या गच्चीवर दर हिवाळ्यात वालाचा वेल बहरतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटला. मुलाने कीटकनाशकाची बाटली आणली. परंतु आजींनी ती उघडू दिली नाही.

माव्याच्या आसपास काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्याशा मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरू लागल्या. याच वेल खात असाव्यात, असे आजींना वाटले. मऊ पुंजणीने त्यांनी एकेक अळी अलगद कागदावर घेतली आणि खाली अंगणात कडुनिंबाच्या बुंध्याशी सोडली. आठवडाभर हा क्रम चालला. जीव वाचवल्याचे समाधान होते. मावा मात्र वाढतच गेला.

कृषी महाविद्यालयात शिकणारी नात सुट्टीत घरी आली. “आजी, या तर ढालकिड्याच्या अळ्या! त्या पान खात नाहीत, मावा खातात,” ती म्हणाली. लाल पाठीवर सात काळे ठिपके मिरवणारा हा कीटक माव्याजवळच पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतो. वाढीच्या काळात एकेक अळी शेकडो मावे फस्त करते. तिला पंख नसतात. त्यामुळे दूर सोडल्यास अन्नापर्यंत परतणे तिला कठीण.

“म्हणजे त्या उपाशी मेल्या?” आजींनी विचारले. नात गप्प राहिली. त्या सायंकाळी प्रतिक्रमणात आजींचे ‘मिच्छामि दुक्कडं’ त्या अळ्यांसाठीही होते.

पुढे एक प्रश्न उरलाच. मावाही जीवच, मग ढालकिड्याचे कौतुक कसे करावे? आजींनी विचार केला. फवारा मावा, ढालकिडा, मधमाशी असा भेद करीत नाही आणि तो मारणारा हात आपला असतो. ढालकिडा आपल्या स्वभावाने जगतो. आपण हिंसा करू नये, करवू नये आणि तिचे अनुमोदनही करू नये. म्हणून माव्याच्या मरणाचा आनंद मानायचा नाही, केवळ मध्ये पडायचे नाही.

बाटली न उघडताच दुकानदाराकडे परत गेली. वेलावर पुन्हा ढालकिडे आले, मावा ओसरला. काही शेंगा गेल्या, बऱ्याच घरात आल्या.

दया आजींच्या हातात पूर्वीही होती. आता पुंजणी उचलण्याआधी त्या चष्मा लावतात.