दिवस मावळल्यावर लागणारी स्टेशनं

आजोबांच्या ट्रान्झिस्टरमध्ये सेल घातले आणि भर दुपारी मिडियम वेव्हवर काटा फिरवत बसलो. साताऱ्यात ७९२ वर आकाशवाणी पुणे तेवढं स्वच्छ लागलं, बाकी सगळी खरखर. रात्री नऊला पुन्हा लावला, तर काटा जरा सरकवला की नवा आवाज. कुणी कानडीत बोलतंय, कुणी तमिळमध्ये. एक भाषा तर मला ओळखताच येईना.

हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेसाठी नुकतंच वाचायला घेतलं होतं, म्हणून आयनांबर हा शब्द ठाऊक होता. सूर्याच्या किरणांनी वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्या थरांवरून लहरी परत खाली वळतात. इथेच मी अडलो. थर सूर्य तयार करतो, मग दूरची स्टेशनं दिवसा लागायला हवीत. रात्री कशी लागतात? दोन दिवस हेच डोक्यात होतं.

शिकवणाऱ्या सरांनी वहीत दोन रेघा ओढल्या. खालची ६० ते ९० किलोमीटरवर, दुसरी तिच्या बरीच वर. "खाली हवा दाट," ते म्हणाले. "लहर इलेक्ट्रॉनला हलवते, पण तो लगेच शेजारच्या रेणूवर आदळतो. लहरीची ताकद तिथेच उष्णता होऊन संपते, वरपर्यंत पोचतच नाही. दिवस मावळला की त्याच दाटीमुळे इलेक्ट्रॉन आणि आयन पटापट एकत्र येतात, खालचा थर विरतो. वर हवा विरळ, त्यांची गाठ लवकर पडत नाही. म्हणून वरचा थर रात्रभर टिकतो." पुणे दिवसाही लागतं, कारण ती लहर जमिनीला धरून येते.

१९०१ साली मार्कोनीने इंग्लंडहून निघालेला संदेश अटलांटिकपार टिपल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो तिथवर कसा पोचला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. भौतिकशास्त्रज्ञ ॲपलटनने या थरांचा पुरावा दिला तो १९२४ च्या शेवटी. हे वाचून मला फार धीर आला.

आता डिसेंबरात रोज संध्याकाळी गच्चीवर बसतो. आतली काळी फेराइटची कांडी स्टेशनकडे टोक करून धरली की त्याचा आवाज जवळजवळ बुडतो, आडवी धरली की भरून येतो. त्यासाठी अख्खा सेट हळूहळू फिरवावा लागतो. कालची नोंद: साडेपाचला खरखर. सहा दहाला खरखरीच्या तळाशी माणसाचा आवाज, शब्द नाहीत. पावणेसातला तमिळ, अगदी स्पष्ट. मग तो आवाज ओसरला, मिनिटभराने पुन्हा चढला, पुन्हा ओसरला. मी सेट हलवला नव्हता. वहीत वेळ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय, रविवारी सरांना विचारायचंय.