उघड्या दाराचे संगीत

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेथे काळ्या शिळेच्या रूपातील देव छपराविना उभा आहे आणि त्याच्या भरवशावर गावाने पिढ्यान्‌पिढ्या चौकटीला कवाड लावले नाही. २०११ साली युको बँकेनेही तेथे कुलपावाचून शाखा उघडली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले होते. पुढे चोरीच्या काही तक्रारी आल्या, कोठे फळ्या तर कोठे दारे दिसू लागली. तरीही घोडेगावच्या फाट्याने जाताना उंबरठा आहे पण कवाड नाही असे एखादे घर दिसले की मी क्षणभर थबकतो. अशा घरात चोर शिरू शकतो, तसेच वारा, धूळ, शेजारणीची हाक आणि रस्त्यावरचा गलबलाही शिरतो. घराने हे सारे पत्करलेले असते.

असे घर पाहिले की मला एका ध्वनिमुद्रणाचे स्मरण होते. सेमिनरीत आम्हांला गायन शिकवणाऱ्या एका वृद्ध फादरांनी ते प्रथम ऐकवले. यंत्र सुरू करण्यापूर्वी ते म्हणाले, "संगीत नंतर ऐका, आधी कोण कोण आले आहे ते ऐका." आम्ही कान टवकारले. सुरुवातीच्या अगदी मंद स्वरांमध्ये स्पष्ट ऐकू आला तो कोणाचा तरी खोकला!

ते मुद्रण होते गुस्ताव मालर यांच्या नवव्या सिंफनीचे. स्टुडिओत मुद्रण करताना दारे बंद असतात, चुकलेला भाग पुन्हा वाजवून घेता येतो. हे मुद्रण मात्र रविवार, १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात, भरल्या मैफलीत झाले. वाद्यवृंद होता व्हिएन्ना फिलहार्मोनिक. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले आणि पुढे त्यांनी ज्याचे अनेकदा संचालन केले, तोच हा वाद्यवृंद. ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यांचेही आपल्या देशाशी नाते आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित करणारे तेच. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेच मावत. मैफल तर थांबवता येत नव्हती. म्हणून एक तबकडी संपण्यापूर्वीच दुसरी सुरू करणे भाग होते. अशा वीस बाजूंवर ती सिंफनी उतरली.

मालर यांना स्वतःची ही कृती कधी ऐकायला मिळाली नाही. १९०७ साली त्यांची थोरली मुलगी वारली आणि त्याच वर्षी त्यांना हृदयविकार असल्याचे निदान झाले. त्यानंतर लिहिलेली ही सिंफनी त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ साली, त्यांचे शिष्य ब्रूनो वॉल्टर यांनी व्हिएन्नातच प्रथम सादर केली. १९३८ च्या त्या रविवारीही संचालक वॉल्टरच होते. वादकांत अग्रस्थानी होते मालर यांचे मेहुणे, वृद्ध व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे.

त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, १२ मार्च रोजी, हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. वॉल्टर ज्यू होते. त्यांना मायदेशाला मुकावे लागले. १८८१ पासून त्या नगरीची सेवा करणाऱ्या रोझे यांना वाद्यवृंदातून काढण्यात आले. परागंदा होऊन ते १९४६ साली लंडनमध्ये निवर्तले. त्यांची व्हायोलिनवादक कन्या आल्मा १९४४ साली आउश्विट्झच्या छावणीत मरण पावली. काही ज्यू वादकांचाही तसाच अंत झाला. व्हिएन्नातील ज्यूंच्या घरांना कवाडे होती, कड्या होत्या, कुलपे होती. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

मध्यंतरी आमच्या गायनवृंदातील मुलांना मी हे मुद्रण ऐकवले. संगणकात वाकबगार असलेला एक मुलगा म्हणाला, "फादर, हे खोकणे आता सहज पुसून टाकता येईल." त्याचे खरेच होते. मी त्याला त्या जानेवारीची आणि त्या मार्चची हकिकत सांगितली. खोकणारा तो मनुष्य कोण, त्याचे पुढे काय झाले, हे आज कोणालाच माहीत नाही. कदाचित त्याची एवढीच खूण या जगात उरली असेल. ती पुसायची? मुलगा काही बोलला नाही. पण मुद्रण त्याने शेवटपर्यंत ऐकले.

याचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला तो २०२० साली. टाळेबंदीत चर्च बंद झाले आणि मी रिकाम्या बाकांसमोर कॅमेऱ्याकडे पाहून मिस्सा अर्पण करू लागलो. मुद्रण निर्दोष होत असे. लेकरू रडत नव्हते, काठी पडत नव्हती, प्रवचनात कोणी जांभई देत नव्हते. त्या दिवसांत खोकल्याची साऱ्या जगाला धास्ती होती. तरी त्या नितळ शांततेत माझे कान एका खोकल्यासाठी आसुसले होते. बाक पुन्हा भरले, तेव्हा काही ओळखीचे खोकले मात्र परत आले नाहीत.

मालर यांच्या या सिंफनीचा शेवट गजराने होत नाही. केवळ तंतुवाद्ये उरतात, स्वर विरळ होत जातात. अखेरच्या स्वरांवर संगीतकाराने 'विझत जाणारे' अशी सूचना लिहून ठेवली आहे. एवढ्या मंद स्वरांना सभागृहातील कोणताही आवाज झाकोळू शकतो. तरी त्या दिवशी दारे उघडी ठेवूनच ते मुद्रित झाले, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सेच्या वेळी मागच्या बाकावर कोणी खोकले, तर कृपया कपाळाला आठ्या घालू नका. तो मनुष्य आला आहे.