नॉर्वेचा बेत

मनुष्यानें प्रवास करावा कीं नाहीं याविषयीं शास्त्रकारांत मतभेद असेल. परंतु प्रवासाचे बेत करावे याविषयीं आमच्या घरांत आजवर कधींच मतभेद झालेला नाहीं. बदरीनारायणाचा बेत आम्हीं तीन वेळां केला, काश्मीरचा दोन वेळां, आणि प्रत्यक्षांत जाऊन आलों तें माथेरानास. बेतास पैसे पडत नाहींत, हा त्याचा मोठा गुण. म्हणून गेल्या दिवाळींत चिरंजीव जेवतां जेवतां म्हणाले, "बाबा, आतां तुम्ही दोघे एकदां कुठें तरी लांब जाऊन या," तेव्हां आम्हीं मोठ्या उदारपणें उत्तर दिलें, "जावयाचेंच तर नॉर्वेस जाऊं." आमचा हिशेब असा कीं, इतकें दूरचें नांव घेतलें म्हणजे विषय ताटाबरोबर उचलला जाईल. तो उचलला गेला नाहीं. सूनबाईंनीं हात धुण्यापूर्वींच मोबाईल उघडून त्या देशाचीं चित्रें सासूबाईंच्या पुढें धरलीं, आणि आमची सौभाग्यवती तीं पाहात राहिली.

नॉर्वेच कां, याचें कारण मात्र खरें होतें. लोकमान्य टिळकांचा 'आर्क्टिक होम इन दि वेदाज्' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशांत होतें, हें त्यांतील प्रतिपादन आजचे बहुतेक संशोधक स्वीकारीत नाहींत, आणि आमचाही तसा आग्रह नाहीं. पण आपल्याकडे उषा घटकाभरांत सरते. मग ऋषींना तिचें एवढें अप्रूप कां, हा लोकमान्यांचा प्रश्न मनांत घर करून राहतो. सूर्योदयापूर्वीं पुष्कळ दिवस लोटल्याचा सातव्या मंडलांतील उल्लेख आणि तैत्तिरीय संहितेंतल्या त्या तीस उषा-भगिनी, हीं प्रमाणें त्यांनीं अशा कौशल्यानें मांडलीं आहेत कीं, सिद्धांत पटो वा न पटो, क्षितिजावर फेर धरणारी ती लांबलचक पहांट डोळ्यांपुढून हलत नाहीं. खुद्द लोकमान्यांनीं ध्रुवप्रदेश पाहिला नव्हता. वर्गांत उषासूक्त शिकवितांना आम्हींही तो पाहिला नव्हता. एकदां पाहावा, एवढीच हौस.

त्या दृष्टीनें आम्हीं ट्रॉम्सो हें गांव हेरून ठेविलें होतें. तें ६९ अंशांच्याही पलीकडे आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथें सूर्य क्षितिजाच्या वर येत नाहीं. दुपारच्या सुमारास कांहीं तास नुसता संधिप्रकाश असतो. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाहीं. "मग आजोबा, तुम्ही संध्याकाळची संध्या कधीं करणार?" असें नातवानें विचारलें. धर्मसिंधूंत यावर कांहीं सांपडेना, तेव्हां "घड्याळाला विचारून" असें सांगून आम्हीं वेळ मारून नेली. आमच्या मतें जानेवारी हाच महिना योग्य होता. सूर्य परत येतो त्याच्या आदल्या आठवड्यांत जावें, आणि उषा पुरती पाहून घ्यावी.

पण आधीं पैशांचा प्रश्न. वाशीच्या एका प्रवासी कंपनीच्या कचेरींत गेलों. तेथील तरुणानें थंड पाणी दिलें आणि नऊ रात्रींच्या सहलीचा आंकडा सांगितला : माणशीं साडेतीन लाख. आमचा चेहरा पाहून त्यानें लगेच पुढलें वाक्य उच्चारलें, "काका, हप्त्यांनीं पण देतां येतील." आम्ही उठलों. पेण तालुक्यांतलें वरसई गांव आमच्या नव्या मुंबईपासून फारसें दूर नाहीं. तेथील विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, ते घरचें कर्ज फेडण्यासाठीं द्रव्य मिळवावें म्हणून. वाटेंत बंडाची धामधूम लागली, झांशीचा वेढा पाहावा लागला, मिळविलेलें लुटलें गेलें, आणि अखेर गंगेची कावड घेऊन ते घरीं परतले. 'माझा प्रवास' हें त्यांचें पुस्तक १९०७ सालीं छापून निघालें, तें आमच्या कपाटांत आहे. कर्ज फेडण्यासाठीं उत्तरेस जाणाऱ्या त्या भटजींच्या शेजारीं कर्ज काढून उत्तरेस जाणाऱ्या मास्तरांचें प्रवासवर्णन ठेवणें आमच्या जिवावर आलें.

घरीं येऊन आम्हीं स्वतःच वही घेतली. तेथील नाणें क्रोन. एका क्रोनास नऊ रुपये धरले, तर पन्नास क्रोनांची कॉफी साडेचारशे रुपयांस पडते. या महागाईला कारणें आहेत. मजुरी भरपूर, आणि बहुतेक वस्तूंवर शेंकडा पंचवीस कर, खाण्याच्या जिनसांवर पंधरा. म्हणजे वाढणाऱ्यालाही पोटभर मिळतें, आणि त्याचा भार जेवणाऱ्यावर पडतो. यांत आम्हांस अन्याय दिसला नाहीं. फक्त जेवणारे आपण आहोंत हें ध्यानांत ठेवावें लागलें.

पैसा होता तो एका ठेवींत. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून दहा लाख आम्हीं दोघांच्या आजारपणासाठीं, आणि विशेषतः घरच्या गुडघ्यांसाठीं, बाजूला ठेविले आहेत. शस्त्रक्रिया आज नको, पण दोन-तीन वर्षांनीं टळणार नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलेलें आहे. त्या ठेवीस हात लावावा कीं लावूं नये, या एका प्रश्नावर आम्हीं पंधरा दिवस झोंप घालविली. लावला, तर उद्यां दवाखान्यांत मुलापुढें हात पसरावा लागेल. न लावला, तर गुडघे चालतात तोंवरचा काळ निघून जाईल, आणि मागाहून पैसे राहतील पण पाय राहणार नाहींत.

एके रात्रीं वही पुढें घेऊन आम्हीं ट्रॉम्सोच्या उषेचें वर्णन करीत होतों. सौभाग्यवती शेंगा सोलीत होती. ती म्हणाली,

"अहो, मला त्या काळोखांत न्यायचें असेल तर तुम्ही एकटेच जाऊन या. बर्फावर माझा पाय घसरला म्हणजे तुमची उषा मला उचलायला यायची नाहीं. मला धबधबे पाहायचे आहेत."

आम्हीं लोकमान्यांचें नांव काढलें. त्यावर ती मुळींच न रागावतां म्हणाली, "आणि उषेचें मला काय सांगतां? चाळीस वर्षें रोज पाहतें आहें. ठाण्याच्या चाळींत पांचाला नळ यायचा. इथें नेरुळला आल्यावर ओट्यासमोरच्या खिडकींतून पारसिकचा डोंगर दिसतो, त्याच्यामागून ती येते. आधीं राखी, मग तांबूस. तुम्ही उठायचां तेव्हां सूर्य वर आलेला असायचा, आणि चहा झालेला असायचा."

आम्ही निरुत्तर झालों. उषा निजलेल्यांना जागें करून आपापल्या कामाला लावते, हा अर्थ आम्हीं शेंकडों मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. ती रोज कोणाला जागें करीत होती, हें मात्र आम्हीं घरांत पाहिलें नव्हतें. मग एक गोष्ट विचारावयाची राहिली होती, ती विचारली : "तुला कुठें जावेंसें वाटतें?" एवढ्या वर्षांत बदरीनारायणाचे तीन आणि काश्मीरचे दोन बेत झाले, परंतु हा प्रश्न आमच्या तोंडून पूर्वीं निघाल्याचें तिलाही आठवेना, आणि आम्हांसही.

तिनें सूनबाईंकडून सगळें आधींच काढून ठेविलें होतें. ऑस्लोहून बर्गेनला जाणारी आगगाडी. हा लोहमार्ग १९०९ सालचा, पांचशें किलोमीटरांस थोडा कमी, आणि फिन्से स्थानकावर १२२२ मीटर उंचीवरून जाणारा. वाटेंत मिर्डाल येथें उतरलें कीं दुसरी लहान गाडी फ्लोम गांवीं खालीं नेते. वीस किलोमीटरांत साडेआठशें मीटरांहून अधिक उतार. "आपलें माथेरानच कीं!" ती म्हणाली. आणि खरेंच, नेरळ-माथेरानचा १९०७ सालचा मार्गही एकवीस किलोमीटरांचाच आहे. फ्लोमहून समुद्राच्या चिंचोळ्या फांट्यांतून, ज्यांना तेथें फ्योर्ड म्हणतात, बोट जाते. त्यांतला नेरॉय फ्योर्ड २००५ सालापासून जागतिक वारशाच्या यादींत आहे. मेच्या अखेरीस डोंगरावरचें बर्फ वितळतें, त्यामुळें धबधबे भरून वाहतात, आणि जुलैची गर्दी व भाडेवाढ अद्याप सुरू झालेली नसते. १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय सण. तो टाळून पुढल्या आठवड्यांत जावें, हेंही तिनें हेरलें होतें. चाळीस वर्षें जिनें महिनाअखेरचें दूध आणि वाणसामान जुळवून आणलें, तिला प्रवासाचा आराखडा जुळविणें जड जावें कशाला?

ठेवीचा गुंता सुटला तो त्या देशाच्याच उदाहरणानें. १९६९ सालीं नॉर्वेला समुद्राखालीं तेलाचा मोठा सांठा सांपडला. त्या धनासाठीं १९९० सालीं कायदा करून त्यांनीं निधि निर्माण केला. आणि सरकारनें त्याच्या अपेक्षित उत्पन्नापुरतेंच, म्हणजे सध्यां शेंकडा तीनाच्या बेतानें, दरसाल खर्चावें, मुद्दल पुढल्या पिढ्यांसाठीं राखावें, असा नियम घालून घेतला. एवढें श्रीमंत राष्ट्र व्याजावर भागवितें, तर आम्हीं मुद्दल कां मोडावें? पासबुक काढलें. सात वर्षांचें सांठलेलें व्याज चार लाख तीस हजार निघालें. वहींत मांडलें : विमानाचें जाणें-येणें दोघांचें दीड लाख, नऊ रात्रींच्या खोल्या, स्वैपाकाच्या सोयीसह, सव्वा लाख, गाड्या आणि बोटी साठ हजार, खाणें पन्नास हजार, व्हिसा, विमा आणि किरकोळ तीस हजार. एकूण चार लाख पंधरा हजार. पंधरा हजार शिल्लक. दहा लाख, आणि गुडघे, जागच्या जागीं.

खाण्याचा आंकडा लहान आहे, कारण पोहे, भाजणी आणि मेतकूट येथून जाणार आहे. नळाचें पाणी तेथें निर्धास्त प्यावें, त्याला पैसे नाहींत. तूप मात्र नेतां येणार नाहीं; युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. सगळ्या बेतांत तिला वाईट वाटलें तें एवढ्याचेंच.

आमच्या लांब पहांटेचें काय झालें, असें वाचक विचारतील. बर्गेन ६० अंशांवर आहे. मेच्या अखेरीस तेथें सूर्य रात्रीं साडेदहानंतर मावळतो आणि साडेचारच्या आंत उगवतो. मधल्या वेळांत तो क्षितिजाखालीं फार खोल जात नाहीं, त्यामुळें पुरता काळोख होत नाहीं. संध्येचा उजेड उत्तरेकडून सरकत सरकत उषेचा होतो. लोकमान्यांची तीस दिवसांची ती पहांट नव्हे. पण एक रात्रभर खिडकीशीं बसून पाहण्याजोगी खचित आहे. "त्या दिवशीं चहा तुम्ही करा, म्हणजे मीही बसेन," असें उत्तर मिळालें आहे.

व्हिसासाठीं अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आंत करतां येतो, तो गेल्या आठवड्यांत दिला. फोटोसाठीं ती नवें लुगडें नेसली होती. उत्तर यावयाचें आहे, तोंवर संवय असावी म्हणून आम्ही पहांटे पांचाला उठूं लागलों आहों. पहिल्या दिवशीं चहांत आलें अधिक पडलें. खिडकींतून पारसिकचा डोंगर दिसतो. आधीं राखी, मग तांबूस, हें तिनें सांगितलेलें अगदीं बरोबर आहे.