घोळणा, भोवळ आणि बघे

नाकातून रक्त येण्याला मराठीत ‘घोळणा फुटणे’ म्हणतात. शब्द मोठा झोकदार आहे. घोळणा म्हणजे खरे तर नाकाचा खालचा मऊ भाग; पण ‘घोळणा फुटला!’ असे कुणी ओरडले की वर्गात एखादे धरणच फुटल्यासारखी धावपळ उडते. लहानपणी एप्रिलच्या उन्हात शाळेमध्ये माझा घोळणा हमखास फुटे, आणि त्या निमित्ताने मनुष्यस्वभावाचा जो परिचय मला झाला, तो पुढे इतक्या कादंबऱ्या वर्गात शिकवूनही झाला नाही. एक जण माझी मान मागे ओढी, दुसरी टाळूवर पाणी थापी, तिसरा कुठून तरी कांदा पैदा करी. मी छताकडे डोळे लावून मुकाट्याने रक्त गिळत असे. त्या मंडळींच्या मायेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या हातांविषयी.

संकट दिसले की माणसाच्या हातांना स्वस्थ बसवत नाही. वास्तविक घोळण्याचा उपाय इतका साधा आहे की तो ऐकून कुणाचे समाधान होत नाही. मुलाला ताठ बसवावे, मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा तोच मऊ भाग चिमटीत धरावा, तोंडाने श्वास घ्यायला सांगावे आणि दहा मिनिटे चिमटी सोडू नये. मान मागे केल्याने रक्त थांबत नाही, ते नुसते दिसेनासे होते. पोटात जाते आणि मग मुलाला ओकारी येते. रक्त अर्ध्या तासात थांबले नाही, किंवा डोक्याला मार बसल्यावर येऊ लागले, तर मात्र डॉक्टर गाठला पाहिजे. एरवी दहा मिनिटे पुरतात. पण दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबलं का गं?’ म्हणून चिमटी सोडून पाहिल्यावाचून आपल्याला राहवत नाही, तिथेच घोडे अडते.

भोवळीचेही तेच. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या रांगेत, भाषण लांबले की एखादी मुलगी हमखास कोसळते. उपाशी पोट, चढते ऊन आणि एका जागी खिळलेले पाय. रक्त पायांत उतरून साचते, डोक्याला पुरत नाही, म्हणून शुद्ध हरपते. आता गंमत पाहा. मूल आडवे झाले की डोके काळजाच्या पातळीवर येते आणि रक्त आपोआप तिकडे वळते. म्हणजे पडणे हाच निसर्गाने योजलेला प्रथमोपचार! आणि आपण काय करतो? दोघे जण बगलेत हात घालून तिला तत्परतेने पुन्हा उभी करतात, आणि तिसरा तोंडात पाणी ओततो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला निजू द्यावे, पाय थोडे वर उचलून धरावेत, वारा येऊ द्यावा. मिनिटाभरात डोळे उघडतात. ते उघडले नाहीत, तर मग ती साधी भोवळ नव्हे, आणि मदत बोलावण्यात वेळ घालवू नये.

कधी कधी मात्र हात खरोखरच चालवावे लागतात. खो-खो खेळताना खांबावर आपटून दात पडला, तर तो शोधायला धावले पाहिजे. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही. कायमचा असेल तर तो दुधात ठेवायचा! मूळ न चोळता, वरच्या टोकाला धरून उचलावा आणि पेलाभर दुधात घालून तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासातच, दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा रुजण्याची आशा असते. आणि दिवाळीचे दिवस आहेत म्हणून सांगते : भुईनळ्याने हात भाजला तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांना त्यांच्या त्यांच्या जागी सुखाने नांदू द्यावे.

पण हे सारे लिहायला बसले ते आमच्या इमारतीतल्या एका मुलामुळे. तो सहावीत असताना त्याला वर्गात आकडी आली. चाळीस मुले भोवती गोळा झाली. चौघांनी हातपाय दाबून धरले, एकाने चप्पल नाकाशी नेली, कुणी दातांत चमचा घातला. जीभ गिळली जाते ही समजूत फार जुनी आहे. जीभ गिळताच येत नाही. चमच्याने मात्र पुढच्या दाताचा टवका उडाला. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, तशी तीही थांबली. श्रेय अर्थातच चपलेला मिळाले. मुलाने डोळे उघडले तेव्हा त्याची चड्डी ओली होती आणि सगळा वर्ग त्याच्याकडे पाहत होता. दुसऱ्या दिवशी त्याला एक नवे नाव मिळाले. ते मी इथे लिहीत नाही. शाळेने आईला बोलावून, ‘काही दिवस घरीच ठेवा,’ असे सुचवले.

ती माउली तडक माझ्याकडे आली. हातात प्रथमोपचाराचे एक पत्रक होते. “ताई, तुम्ही मराठीच्या ना? मग हे जरा मराठीत करून द्या,” ती म्हणाली. पत्रक मराठीतच होते. त्यात लिहिले होते, ‘रुग्णास पार्श्वशयन स्थितीत ठेवून श्वसनमार्ग अनवरुद्ध राखावा.’ मूल तडफडत असताना हे वाक्य सोडवायला पदवीधर मनुष्य लागेल! आम्ही दोघींनी मिळून पाच ओळी केल्या. ‘घड्याळ बघा. कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा लगेच पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा.’ हा नंबर महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. पाचवी ओळ आईची होती : ‘बाकीच्या मुलांना बाहेर पाठवा.’ तो कागद घेऊन ती शाळेत गेली, अर्धा तास बोलली, आणि कागद वर्गातल्या कपाटाच्या दाराला चिकटवूनच परतली. मुलगा सोमवारपासून शाळेत जाऊ लागला.

पुढची आकडी तीन महिन्यांनी आली. त्या वेळी जवळ शिपाई मावशी होत्या. त्यांनी मुलांना मैदानावर पिटाळले, स्वतःची शाल घडी करून त्याच्या डोक्याखाली सरकवली, त्याला कुशीवर केले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत शेजारी बसून राहिल्या. दोन मिनिटे झाली. तो जागा झाला तेव्हा समोर एकट्या मावशी होत्या, आणि अंगावर त्यांनी एक सतरंजी पांघरली होती. “पाणी मागाहून देते हं, आधी नीट जागा हो,” इतकेच त्या म्हणाल्या. कपाटात त्यांनी एक कोरडी चड्डी आणूनच ठेवली होती. मुलाने घरी येऊन आईला सांगितले, “आज कुणी बघितलं नाही.”

संस्कृतात या विकाराला ‘अपस्मार’ म्हणतात. स्मर म्हणजे आठवण, ती नाहीशी करणारा तो अपस्मार. नाव ज्याने कुणी ठेवले त्याने नीट पाहून ठेवले. मुलाला खरोखरच काही आठवत नसते. आठवते ते बघ्यांना, आणि मग तेच त्याला आयुष्यभर आठवण करून देत राहतात. जखमेला पट्टी बांधता येते, पण चाळीस जोडी डोळ्यांचे काय करायचे, हे पत्रकात नव्हते. ते त्या आईला ठाऊक होते.

तो मुलगा आता दहावीत आहे. औषधे नियमित चालू आहेत. वर्षातून एखादे वेळी आकडी येते. त्याच्या बाकावरच्या दोघा दोस्तांना त्या पाच ओळी तोंडपाठ आहेत. एक बाकीच्यांना बाहेर काढतो आणि दुसरा घड्याळ बघतो. हल्ली, घड्याळ कुणी बघायचे यावरून दोघांचे भांडण होते म्हणे.